गोदामावरचा सुलतान

मोबाईल खाली ठेवा, मग सांगतो. ही ऐकीव गोष्ट नाही. ज्याच्यावर बेतली तो व्यंकट माझ्या पाहण्यातला होता, आणि मरेपर्यंत त्यानं यातला शब्द बदलला नाही. एरवी रोज शब्द फिरवायचा, पण यातला नाही.

त्र्याहत्तर सालचा दुष्काळ. सव्वीस एप्रिल, गुरुवार. रात्री पावणेनऊला व्यंकट कंदील घेऊन सोसायटीच्या गोदामावरून निघाला. तो तिथला राखणदार. वाशीच्या रस्त्यानं मैलभरावर चेअरमन आबारावांचं घर. तिथं जाऊन एका कागदावर सही करायची, एवढंच काम. गोदाम झाडणारी गजराबाई मिलो चोरते आणि आपण तिला रंगेहाथ धरली, असं त्या कागदावर लिहिलेलं होतं. सकाळी धाराशिवहून तपासनीस येणार होता. सही झाली की बाई तुरुंगात, आणि घरी तिची आंधळी सासू उपाशी.

मिलो म्हणजे बाहेर देशाहून आलेली लाल ज्वारी. जनावर तोंड लावत नव्हतं, पण माणसं खात होती, कारण दुसरं काही नव्हतंच. त्या गोण्या गोदामातून कमी व्हायला लागल्या. आबारावांच्या मते हमाल चोर, बाया चोर, उंदीरसुद्धा चोर. साव काय ते एकटे आबाराव. चोर धरायला म्हणून त्यांनी सोलापूरहून एक शिकवलेलं कुत्रं विकत आणलं. त्याचं नाव सुलतान. काळं, थोराड, आणि अब्रूनं वागणारं. त्या गोदामात तसं दुसरं कुणी नव्हतं.

रोज संध्याकाळी हमाल-बायांनी कपडे झटकून रांगेत उभं राहायचं आणि सुलताननं हुंगत पुढं जायचं. तो भुंकत नसे, चावत नसे. ज्याच्याजवळ मिलो असेल त्याच्यासमोर गपचिप बसायचा आणि तोंडाकडं बघत राहायचा. एवढंच त्याला शिकवलं होतं.

त्या सोमवारी तो गजराबाईसमोर बसला. तिच्या ओटीत मातीत मिसळलेले मूठभर दाणे निघाले. आता, फुटक्या गोणीतून सांडलेलं झाडण हे झाडणारीचं, हा बापजाद्यांपासूनचा रिवाज. कुत्र्याला रिवाज कुठून ठाऊक असणार? आबारावांना मात्र पक्का ठाऊक होता, पण त्या दिवशी ते सोयीनं विसरले. "सापडला चोर," म्हणाले.

तेवढ्यात सुलतान उठला, रांग सोडून आबारावांपाशी गेला, आणि त्यांच्यासमोर बसला.

कुणी हसलं नाही. सगळे जमिनीकडं बघत राहिले. आबारावांनी टोपी नीट केली आणि व्यंकटला बाजूला घेऊन सांगितलं, "पिसाळलंय ते. आजच्या आज संपीव."

व्यंकटनं उंदराचं औषध भाकरीत कालवलं. सुलताननं त्याच्या हातानं खाल्लं, शेपूट हलवत. तो गार पडल्यावर व्यंकटनं त्याला ओढ्याकाठी पुरलं. या कामाचे आणि सहीचे मिळून आबारावांनी त्याला पायलीभर मिलो दिली. घासाघीस न करता त्यानं ती घेतली आणि घरी नेऊन दळली. काय बोलायचं अशा माणसाला?

तर, गुरुवारी तो निघाला. वारा नव्हता. अमावास्या सहा दिवसांवर आलेली, चंद्राचा पत्ता नाही. ओढा ओलांडला आणि कंदिलाच्या उजेडाच्या कडेला रस्त्यात काहीतरी बसलेलं दिसलं.

गावातलं कुत्रं असेल म्हणून त्यानं खडा मारला. ते हललं नाही. तो डावीकडून गेला. थोडं पुढं... ते पुन्हा समोर. बसलेलं. उजवीकडून गेला. पुन्हा समोर.

भुंकणं नाही. गुरगुरणं नाही. नुसतं तोंडाकडं बघणं.

"माझ्यापाशी काय न्हाय रं," व्यंकट म्हणाला. मग त्याला पोटातली मिलोची भाकरी आठवली...

तो पळत सुटला. आबारावांच्या ओसरीवर येऊन धापा टाकत पडला. आबारावांनी विचारपूस केली नाही. कागद पुढं सरकवला. व्यंकटनं टाक हातात धरला.

ओसरीच्या टोकाला कोठीची खोली. तिला खिडकी नाही, दुसरं दार नाही. बाहेरून कुलूप, आणि किल्ली एकच, ती आबारावांच्या करदोड्याला.

त्या दाराच्या आतून हुंगल्याचा आवाज आला.

दाराखालच्या फटीच्या या टोकापासून... त्या टोकापर्यंत. हळूहळू. मग थांबला. मग जड अंग खाली टेकल्याचा आवाज. कुणीतरी बसलं.

कंदिलाची काच तडकली.

"मालक," व्यंकट म्हणाला, "म्या पुरलाय त्याला. ह्या हातानं."

"सही कर."

"मालक..."

"सही कर म्हणतोय न्हवं."

व्यंकटनं टाक तिथंच टाकला आणि शेतातून, काट्याकुट्यातून घर गाठलं. अंगात सचोटी संचारली असं समजू नका. त्याला फक्त पुढची रात्र नको होती. सकाळी तपासनीस आला तेव्हा त्यानं विचारायच्या आधीच हा म्हणाला, "सायेब, आदी मालकाची कोठी उघडा."

आबाराव वरच्या लोकांची नावं घेऊ लागले, मग दमदाटीवर आले, शेवटी छातीला हात लावून खाली बसले. तपासनीस ऐकणारा नव्हता. करदोड्याची किल्ली काढली, कुलूप उघडलं. आत सोसायटीच्या शिक्क्याच्या बावीस गोण्या, शिवण तशीच्या तशी. मूठभर झाडणाचं नावसुद्धा मग कुणी काढलं नाही. गजराबाई दारातून हे बघून सासूकडं निघून गेली.

गोण्या मोजायला तपासनीस आत गेला. सगळ्यात वरच्या गोणीवर गोल खळगा पडला होता. जनावर अंगाचं वेटोळं करून रात्रभर झोपलं की पडतो तसा. एकही केस नाही, पायाचा ठसा नाही.

त्यानं खळग्यावर हात ठेवला... आणि पटकन काढून घेतला.

खळगा अजून ऊन होता.