घासलेला पक्षी

दार लावून घ्या आधी. आणि ते मोबाईल खाली ठेवा, नाहीतर मी चाललो झोपायला.

माझ्या जुन्या नाण्यांच्या दुकानाला लागूनच कुलूपवाल्याचं दुकान. आम्ही दोघंही दुकानांच्या वरच राहतो, मध्ये एक भिंत. त्याची पहिली बायको आजारात गेली, दोन वर्षांनी त्याने दुसरी केली. गेल्या डिसेंबरच्या चौदा तारखेला ही दुसरी दुपारची माझ्याकडे आली. हातात पितळी चकती, मध्ये चौकोनी भोक.

"भाऊजी, हे काय असतं? आमच्या पलंगाला बांधलेलं सापडलं. ह्यांना विचारलं तर तोंडाला कुलूप."

मी भिंग लावलं. चकती चिनी होती, पण चलनातलं नाणं नव्हे. एका बाजूला चार अक्षरं: नवरा-बायको जोडीने म्हातारे होवोत. दुसरीकडे ड्रॅगन आणि लांब शेपटीचा पक्षी.

"ड्रॅगन म्हणजे नवरा, पक्षी म्हणजे बायको," मी म्हणालो. "जोडी तुटू नये म्हणून पलंगाला टांगतात."

माझ्या जिभेला हाड नाही, दुसरं काय.

"म्हणजे तिने बांधलंय," ती म्हणाली. "मेली तरी बाईला पलंग सोडवत नाही."

जीव जळत होता हो तिचा. पहिलीचे कपडे वाटले, भांडी बदलली, तरी नवरा झोपेत तिलाच हाका मारायचा. हिला तो सगळाच्या सगळा हवा होता.

रात्री दीडला भिंतीपलीकडून आवाज आला. कानशीचा. कर्र... कर्र... मी ओळखलं, चकतीवरची बायको घासून काढतेय.

"पण काका, बायको तर आता तीच ना?"

गप्प बस. हेच मला दुपारी सुचायला हवं होतं.

आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला. सावकाश... जरा वरून...

तेवढ्यात माझं दार वाजलं. उघडलं तर दारात ती. बोटांना पितळेचा भुगा. हातात कानस.

"भाऊजी... मी तर थांबले..."

पलीकडे अजून चालूच होतं. कर्र...

आम्ही दोघं तिच्या घरात गेलो. आवाज बंद. नवरा गाढ झोपलेला. पलंगाच्या वर भिंतीला ह्या दोघांच्या लग्नाचा फोटो. त्याचा चेहरा जसाच्या तसा. तिच्या चेहऱ्याच्या जागी खरवडून निघालेला पांढरा कागद...

वर काच होती. काचेवर एक ओरखडा नव्हता.