पैलतीरावरची दाद

योम बोक्न्येबाईंच्या अंगणात मी पोचलो तेव्हा त्या पायरीवर बसून लाल मिरच्यांची देठं काढत होत्या. मला पाहून त्या उठल्या नाहीत. मनगटाने नाक पुसून म्हणाल्या, "समितीने तुम्हाला ढोल वाजवायला पाठवलंय की चोरी पकडायला?"

दोन्हीसाठी, असं मी म्हणालो नाही. पण खरं तेच होतं.

मी प्यो किलसू. कुर्ये गावात ढोल वाजवण्यात माझं आयुष्य गेलं. पान्सोरीत गाणारा एकटा उभा राहतो, हातात पंखा घेऊन, आणि अख्खी कथा गातो. सून तोच, सासरा तोच, बैलही तोच. ढोलवाला चटईवर बसून ठेका धरतो आणि नेमक्या जागी "ऑल्सू!" अशी दाद देतो. ती दाद आली नाही तर गाणाऱ्याचा श्वास पुढे सरकत नाही. मी किती गाणाऱ्यांना असं पुढे ढकललंय, त्याचा हिशेब नाही.

आमच्याकडच्या बऱ्याच कथा गाणाऱ्यांबरोबरच मातीत गेल्या. त्यातली नावाडिणीची कथा आपल्याला पूर्ण येते, असं सत्तरी ओलांडलेल्या योमबाई अचानक म्हणू लागल्या होत्या. सॉम्जिन नदीकाठच्या म्हाताऱ्या माणसांना तिच्याबद्दल ऐकल्याचं आठवत होतं. पुराने माणूस नेलं आणि प्रेत मिळालं नाही, की घरचे लोक काठावर ही कथा गाऊन घेत. रिकाम्या हाताने घरी कसं परतायचं, म्हणून. पुढे पूल झाले, नावा गेल्या, कथाही गेली. जुन्या कथा पारखून त्यांचे वारसदार ठरवणाऱ्या समितीचे प्राध्यापक बांग तर आनंदाने वेडे झाले होते. कथा अस्सल ठरली असती तर योमबाई तिच्या वारसदार झाल्या असत्या, शिष्य आले असते, त्यांच्या मागे कथा जगली असती.

मला मात्र पहिल्यापासून लबाडीचा वास येत होता. बाईंना गुरू नव्हता. सासूबाई अंगणात गायच्या आणि मी स्वयंपाकघरातून ऐकायचे, एवढंच त्यांचं सांगणं. आणि त्या सासूबाईंना गाताना ऐकलेलं दुसरं कुणी आता जिवंत नव्हतं.

आधी त्यांनी कथा तोंडी सांगितली. नवरा नदीत गमावलेली एक बाई त्याचीच नाव चालवते. रोज शेवटची खेप झाली की पैलतीराकडे तोंड करून हाक मारते, कुणी राहिलंय का? एका संध्याकाळी पलीकडून उत्तर येतं. ती नाव घेऊन जाते. जो येऊन बसतो तो पाठमोरा बसतो, आणि नाव पाण्यात बोटभरही दबत नाही.

"ती हाक मारते ना, तिथे ढोल नको," योमबाई म्हणाल्या. "दाद पण नको. हात मांडीवर ठेवून गप्प बसायचं."

का, असं मी विचारलं.

"तुम्हाला विचारलेलं नसतं, म्हणून."

चांगली युक्ती आहे, असं मी मनात म्हटलं. मग त्या गाऊ लागल्या आणि माझी पंचाईत झाली. आवाज खरवडलेल्या पातेल्यासारखा, पण त्यात खोट सापडेना. ठेके असे जुने, की माझा हात दोनदा अडखळला. एवढं अस्सल कुणी असूच शकत नाही, या विचाराने माझा संशय उलट वाढला. मग ती हाक आली. मी हात मांडीवर ठेवले. बांबूच्या बनात वारा सळसळला. आणि मागच्या कागदी दारापलीकडून एका पुरुषाचा आवाज आला, अगदी हलका, लांबून आल्यासारखा.

"ऑल्सू."

मी ढोल बाजूला सारून उठलो आणि दार ढकललं. आत लसणाच्या माळा, घडी केलेल्या रजया, एक बिघडलेलं शिलाई मशीन. रजयांमागे पाहिलं. बाहेर येऊन ओट्याखाली वाकून पाहिलं.

योमबाई पंख्याने वारा घेत होत्या. "झडती झाली?"

तुमच्याकडे येतो-जातो तो भाचा आज कुठे आहे, असं मी विचारलं.

"तो पुसानला टॅक्सी चालवतो. फोन लावा त्याला आणि विचारा, आज कुठे कुठे ओरडलास म्हणून."

मी बांगसाहेबांना स्पष्ट सांगितलं की त्या घरात काहीतरी बनवाबनवी आहे. कथा माझ्या जागेत ऐकू. माझी तालमीची खोली गावात, हार्डवेअरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आहे. एक दार, एक खिडकी. ठरलेल्या दुपारी मी खोलीचा कोपरा न् कोपरा तपासला, दाराला आतून कडी घातली आणि रेकॉर्डर लावला. बांगसाहेब होते, आणि माझी बायको मालसुन सगळ्यांना सातूचा चहा देऊन भिंतीशी बसली होती.

हाक आली. मी हात मांडीवर ठेवले.

या वेळी "ऑल्सू" माझ्या कानाशीच उमटलं. दोघांनी वळून माझ्याकडे पाहिलं.

गाणं संपल्यावर मालसुन माझ्या बाजूला येऊन दबक्या आवाजात म्हणाली, "अहो, त्यांनी नको म्हटलं होतं ना? मग कशाला ओरडलात?" मी ओरडलो नव्हतो. बांगसाहेब खाली बघून चष्मा पुसत राहिले. त्यांना वाटलं, बाईंचं गाणं मी मुद्दाम बिघडवतोय. वाद मिटवायला मी रेकॉर्डर चालवला.

आवाज माझाच होता. जरा दमलेला, जरा घोगरा, पण माझा.

त्यानंतर माझा संशय माझ्याकडेच वळला. इतक्या वर्षांची सवय आहे, दाद आपल्या नकळत तोंडातून सुटली असेल. हे उत्तर समजण्यासारखं होतं आणि मी ते घट्ट धरून ठेवलं. पण जेवताना मालसुन माझ्याकडे बघे आणि पटकन नजर दुसरीकडे नेई, तेव्हा ते उत्तर पुरत नसे.

म्हणून मी तिसरी बैठक मागितली. योमबाईंनी आढेवेढे घेतले नाहीत, पण जिना चढताना त्या मधेच थांबल्या आणि वरच्या बंद दाराकडे थोडा वेळ बघत राहिल्या.

हाकेची जागा जवळ आली तशी मी वाटी उचलली आणि सातूच्या चहाने तोंड गच्च भरलं. बांगसाहेब दाराशी बसले होते, मालसुनला मी समोर बसवलं होतं. माझ्या ओठांवरून नजर हलवायची नाही, असं तिला बजावलं होतं.

नावाडीण काठावर आली. ढोल थांबला.

कुणी राहिलंय का?

खाली दुकानात कुणीतरी पत्रा कापत होतं. तोही आवाज थांबला.

"ऑल्सू."

माझे ओठ मिटलेले होते. गाल फुगलेले होते.

मालसुन माझ्या ओठांकडे बघत नव्हती. माझ्या खांद्यावरून मागे बघत होती.

मी वळलो. मागे भिंत होती.

तोंडातला चहा मी वाटीत परत सोडला. योमबाईंनी पंखा मिटला आणि कथा तिथेच थांबवली. गाणारा माणूस कथा अर्धी सोडतो, हे मी कधी पाहिलं नव्हतं. त्या माझ्यासमोर चटईवर येऊन बसल्या.

"मास्तर, तुमच्या घरचं कोण गेलंय नदीत?"

मोठा भाऊ, असं मी सांगितलं. किलहो. मी इतका लहान होतो, की त्याचा चेहराही मला आठवत नाही. मिसरूड फुटलेला पोरगा पुरात नाव घेऊन गेला आणि नुसती नाव नदीच्या खालच्या वळणावर अडकलेली सापडली.

योमबाईंनी ढोलाच्या कातड्यावरून हात फिरवला. मग बांगसाहेबांना म्हणाल्या, "अर्ज मागे घेते मी. ही कथा कुणाला शिकवायची नाही." साहेबांनी खूप समजावलं, वारशाबद्दल बोलले. त्या उठून उभ्या राहिल्या. दाराची कडी काढता काढता मला म्हणाल्या, "आमच्याकडे दाद येते, पण दारापलीकडून. सासूबाईंच्या वेळीही तशीच यायची. आत कधी आली नव्हती."

माझ्याकडे आता फक्त रेकॉर्डर उरला होता, आणि एक शेवटचा संशय. आवाज माझाच आहे आणि आपण सगळे उगाच घाबरलोय, असं कुणीतरी सांगायला हवं होतं.

आई नव्वदीला टेकली आहे. चेहऱ्यावरून माणसं ओळखत नाही, पण कान शाबूत आहेत, माझी पावलं ओळखून नेहमी "किलसू, जेवलास का?" म्हणते. भाऊ गेल्यापासून त्याचं नाव तिने एकदाही घेतलेलं मी ऐकलं नाही. दुपारचं ऊन तिच्या अंथरुणापर्यंत आलं होतं. मी शेजारी बसलो, रेकॉर्डर तिच्या कानाशी धरला आणि एवढंच विचारलं, हा कोण ते सांग.

नावाडिणीची हाक वाजली. मग ती दाद.

आईने डोळे मिटले. पुन्हा लाव, म्हणाली. मी लावलं.

"किलहोचा आवाजसुद्धा म्हातारा झाला की रे," ती म्हणाली.

मी रेकॉर्डर बंद केला. आई मात्र कान देऊन ऐकतच राहिली, आणि समोरच्याचं बोलणं पटावं तशी मधूनमधून मान हलवत होती.