तिसऱ्या ओळीतला थांबा

आमच्या कॉन्स्टँटीन शहराच्या रोपवेत मी गुणगुणत होते, ही माझीच चूक. पाळण्यात दोघंच, खाली दरी, काचेवर पावसाची टिपटिप. समोरचा चष्मेवाला एकदम म्हणाला, "तिसऱ्या ओळीत थांबलात... म्हणजे तुम्ही शेख हमदानांकडे शिकलात."

"मुलगी आहे त्यांची," मी म्हटलं. "आणि अनोळखी बाईचं गाणं मोजत बसणं बरं दिसत नाही."

बिचारा कानापर्यंत लाल झाला. मला आगाऊ माणसं आवडत नाहीत. हा मात्र आवडला.

लमीन संगीत शाळेत शिकवायचा आणि पाच वर्षं आमच्या गावच्या जुन्या गाण्यावर, मालूफवर, प्रबंध लिहीत होता. बाबांनी आपलं गाणं कधी कागदावर उतरवू दिलं नाही. ते जाऊन दोन वर्षं झालेली. मग हा दर सोमवारी दुपारी आमच्याकडे यायला लागला. मी गायची, तो लिहायचा, मधलं दार उघडं ठेवून आई पलीकडे बसायची. हा लिहितो कमी आणि माझे खजुराचे गोड मकरूद जास्त खातो, असं ती तिथूनच ऐकवायची. तो हसायचा, आणखी एक उचलायचा, आणि माझ्याकडे बघायचा... मग माझा सूर हलायचा.

त्याचा सगळा प्रबंध त्या थांब्यावर उभा होता. तो फक्त बाबांच्या शिष्यांत सापडतो, म्हणजे चारशे वर्षांपूर्वी समुद्रापलीकडच्या अंदालुसियातून आलेली, बाकीच्यांकडे हरवलेली ही खूण आहे, असं त्यानं मांडलं होतं. गुरुवारी परीक्षकांसमोर बसायचं, पास झाला की कायमची नोकरी. आणि नोकरी लागली की – आईशी काहीतरी बोलायला त्यानं दोनदा तोंड उघडलं होतं, दोन्ही वेळा पाणी मागून गप्प बसला होता.

मला खरं माहीत होतं, आणि ते सांगितलं तर माझ्याच लग्नावर पाणी पडणार होतं. त्या सोमवारी मी धुतलेले पेले पुन्हा धुतले, खिडकी उघडली, लावली, परत उघडली.

"वसीला, काय झालंय?" त्यानं विचारलं.

"तो थांबा अंदालुसियाचा नाही," मी म्हणाले. "कॉफीचा आहे."

मग सगळं सांगून टाकलं. बाबा याच खोलीत शिकवायचे. कोपऱ्यात स्टोव्ह, आणि कॉफी उतरवायचं काम सात वर्षांच्या माझ्याकडे. मी गाण्यात हरवायची. नेमकी तिसऱ्या ओळीला कॉफी वर यायची. बाबा थांबायचे, माझ्याकडे बघायचे, मी किटली उतरवली की पुढे गायचे. शिष्यांनी थांब्यासकट पाठ केलं. गुरूला विचारायची हिंमत कोणाची?

लमीननं वही मिटली. कागद गोळा करून गेला, छत्रीसुद्धा विसरला.

गुरुवारी मी उगाच तीनदा रोपवेनं गेले-आले. घरात बसवेना, बाहेर करमेना. मीच माझं वाटोळं केलं असं वाटत होतं.

संध्याकाळी तो आला. परीक्षकांना त्यानं स्वतःच सांगितलं होतं. दोघं हसले. तिसरे म्हातारे बाबांचे शिष्य निघाले. वीस वर्षं त्या जागी डोळे मिटत आलोय, म्हणाले, आणि डोळे पुसले. प्रबंध वर्षभर पुढे ढकलला, नोकरी दुसऱ्याला गेली.

"रागावलात?" मी विचारलं.

"चारशे वर्षांपूर्वीचं कोणीतरी शोधत होतो मी त्या जागेत," तो म्हणाला. "तिथे तू होतीस."

मला रडू आलं. ते लपवायला मी कॉफी चढवली. तो हळूच गायला लागला, बरा नाही गात, पण गायला. तिसऱ्या ओळीला थांबला आणि माझ्याकडे बघत राहिला. मी किटलीला हात लावला नाही.

"ओतू जातेय," तो म्हणाला.

"जाऊ दे. आधी विचार काय ते."

त्यानं विचारलं. मी तोंड उघडायच्या आत पलीकडून आईनंच हो म्हटलं.