शब्दकोशाच्या पाठीत

त्या पत्राला काकांनी कधी उत्तर दिलं नाही. बेचाळीस वर्षं झाली त्याला. एरवी काका पत्रांच्या बाबतीत फार काटेकोर; दुकानात पुस्तक बांधायला टाकून विसरून गेलेल्या गिऱ्हाइकांनासुद्धा ते सुवाच्य अक्षरात कार्डं लिहीत, ‘आपले पुस्तक तयार आहे, सवडीने न्यावे’... पण ते एक पत्र राहून गेलं. राहून गेलं असं काका स्वतःशी म्हणत, एवढंच. ते कुठे आहे हे जगात फक्त त्यांना ठाऊक होतं, कारण त्यांनीच ते स्वतःच्या हातांनी तिथे चिकटवलं होतं.

आणि त्या रविवारी सकाळी ते पत्र ज्यात होतं ती वस्तू कामाच्या टेबलावर त्यांच्या समोरच पडली होती. एक जाडजूड शब्दकोश. पाठीचं कापड विरलेलं, कोपरे झिजून गोल झालेले. पंधरा दिवसांपूर्वी मुंगीने तो त्यांच्यापुढे आणून ठेवला होता. मुंगी म्हणजे काकांच्या थोरल्या भावाची, दादांची मुलगी. लहानपणी दुकानातले कागदाचे कपटे उचलून ती एका ओळीत दारापर्यंत नेऊन ठेवायची, तेव्हा पडलेलं हे नाव ती तेवीस वर्षांची झाली तरी पुसलं गेलं नव्हतं. “काका, हा नीट बांधून दे. बरोबर नेणार आहे मी,” ती म्हणाली होती. परदेशातल्या विद्यापीठात तिला प्रवेश मिळाला होता, शिष्यवृत्तीसकट. निघायला पाच आठवडे उरले होते. आणि काका रोज म्हणत, उद्या करतो. सुई दिसत नाही... ते खोटंही नव्हतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होते आणि ऑपरेशनची तारीख मुंगी गेल्यानंतरची होती. पण शब्दकोशाला हात न लागण्याचं कारण डोळे नव्हते.

मुंगीने चहाचे कप टेबलावर ठेवले आणि सहज सांगावं तसं सांगितलं, “काका, डिक्शनरीची आता घाई नाही हं. सावकाश कर.”

“का गं?”

“मी या वर्षी जात नाहीये. प्रवेश एक वर्ष पुढे ढकलता येतो, अर्ज केला की. लिहून ठेवलाय, सही करून संध्याकाळी पाठवते. उद्या शेवटची तारीख.”

काकांच्या हातातला कप बशीवर वाजला. त्यांनी दादांकडे पाहिलं. दादा नेहमीसारखे दाराजवळच्या स्टुलावर बसले होते, काठी भिंतीला टेकवून. खिडकीजवळची हात असलेली खुर्ची काकांची. बेचाळीस वर्षांत दादा त्या खुर्चीत एकदाही बसले नव्हते.

“दादा, तू काहीच बोलला नाहीस?”

“मी काय बोलणार?” दादा कपात बघत म्हणाले. “या विषयात मला तोंड आहे का?”

हे असंच चालत आलं होतं. काका तेवीस वर्षांचे असताना त्यांनाही असाच प्रवेश मिळाला होता, भाषांच्या अभ्यासासाठी, समुद्रापलीकडच्या विद्यापीठात. हा शब्दकोश दादांनी त्यांना त्या जाण्यासाठीच घेऊन दिलेला. निघायच्या आदल्या आठवड्यात दादा माळ्यावरून त्यांच्यासाठी ट्रंक काढायला शिडीवर चढले आणि ट्रंकेसकट खाली आले. मांडीचं हाड मोडलं. दुकान दोघांचं, एक खाटेवर, दुसरा परदेशात, मग थकलेल्या आईने करायचं काय? काकांनी विद्यापीठाला लिहिलं, एक वर्ष थांबू द्या. विद्यापीठाने थांबू दिलं. पण पुढच्या वर्षी तिकडून काही आलंच नाही, आणि काका दुकानातच राहिले... अशी ती कथा होती. नातेवाईक ती सांगत, शेजारी सांगत, गिऱ्हाइकंसुद्धा पुस्तक न्यायला आली की हळूच म्हणत, धाकटा भाऊ असावा तर असा.

“अर्जात काय लिहिलंयस?” काकांनी विचारलं.

मुंगीने छापलेला कागद आणला. तो परक्या भाषेत होता. दादांना कळावं म्हणून ती एकेक वाक्य समजावून सांगू लागली. ‘माझ्या काकांच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया आहे. वडील पायाने अधू आहेत. आई सहा वर्षांपूर्वी वारली. याच काकांनी माझ्या वडिलांसाठी आपलं शिक्षण कायमचं सोडलं. आमच्या घरात माणसं एकमेकांसाठी थांबतात...’

काकांनी कप बाजूला सरकवला.

“मुंगे, ऑपरेशन ते काय, अर्ध्या तासाचं असतं आजकाल.”

“आणि नंतरचे थेंब? दिवसातून चार वेळा घालायचे, महिनाभर. कोण घालणार? बाबा? बाबांना स्वतःचा चष्मा डोक्यावर आहे की नाकावर, ते कळत नाही.”

“ऐकतोय मी,” दादा म्हणाले.

“ऐकायलाच म्हणतेय.”

“आणि शिष्यवृत्ती?” काकांनी विचारलं. “ती थांबेल पुढच्या वर्षापर्यंत?”

मुंगीने कागदाची घडी घातली. “ते पुन्हा ठरवतात. मिळेलच असं नाही. नाही मिळाली तर... बघू. काका, तू आख्खं आयुष्य थांबलास. मला एक वर्ष थांबता येणार नाही?”

काका उठून आतल्या खोलीत गेले. जाताना दाराची चौकट चाचपावी लागली. खाटेवर बसून त्यांनी हात गुडघ्यांवर ठेवले. आता बोलायला हवं होतं, हे त्यांना कळत होतं. पण बोललं तर मागे काय उरणार? त्यांनी लग्न केलं नाही, नाव कमावलं नाही, धड चारचौघांत बोलताही येत नाही त्यांना. या घरात त्यांचं म्हणून जे काही होतं ते एवढंच होतं... तो त्याग. त्या त्यागावर ते जेवत होते, त्यावर झोपत होते. खिडकीची ती खुर्चीसुद्धा त्याच्याच नावाची. तो काढून घेतला तर सहासष्ट वर्षांच्या एका भित्र्या म्हाताऱ्याखेरीज तिथे कोण होतं?

क्षणभर वाटलं, जाऊ दे. एका वर्षाचा तर प्रश्न आहे. आणि त्याच क्षणी त्यांच्या अंगावर काटा आला, कारण अगदी हेच शब्द त्यांनी पूर्वी एकदा स्वतःला ऐकवले होते.

ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात ओलं फडकं आणि बोथट सुरी होती.

“मुंगे, इकडे बस. मला दिसत नाही, तू कर. हे पाठीचं कापड काढ. आता आतल्या कागदावर फडकं ठेव. खळ भिजू दे.”

पुस्तकाच्या पाठीला बळकटी यावी म्हणून कापडाखाली जुन्या कागदाच्या पट्ट्या चिकटवतात, हे मुंगीला ठाऊक होतं. रद्दी असते ती. जुनी कॅलेंडरं, वाया गेलेले छापील कागद. तिने सुरीने हलक्या हाताने पट्टी उचलली. पहिली निघाली. तिच्याखाली दुसरी. तिसरी फाटली आणि अर्धी आतच राहिली.

“हे तर टाइप केलेलं आहे,” ती म्हणाली. “पत्र आहे.” मग तिचा आवाज बदलला. “काका, यावर तुझं नाव आहे.”

“वाच. दादाला सांग काय आहे ते.”

मुंगी पट्ट्या एकमेकींशेजारी लावून सांगू लागली. “‘आपली जागा एक वर्ष राखून ठेवलेली आहे. आपल्या बंधूंची प्रकृती आता सुधारली असेल अशी आशा. आपण येत आहात किंवा कसे ते...’ पुढचं फाटलंय.”

“‘ते कृपया महिनाअखेर कळवावे,’” काका म्हणाले. “‘आणखी सवलत हवी असल्यास तेही कळवावे, विचार करू. येणार नसाल तरी दोन ओळी लिहाव्यात, म्हणजे जागा दुसऱ्या विद्यार्थ्यास देता येईल.’”



“पाठ आहे तुला,” दादा सावकाश म्हणाले.

“हो.”

“पत्र आलं होतं.”

“आलं होतं, दादा. तू तेव्हा काठी घेऊन दुकानात येऊ लागला होतास. तू मला रोज विचारायचास, आलं का रे काही? आणि मी रोज नाही म्हणायचो. मला भीती वाटली... दुसरं काही नाही. पहिल्या वर्षी मी खरंच तुझ्यासाठी थांबलो. पण त्या वर्षभरात मला थांबण्याची सवय लागली. डोळ्यांपुढे यायचं, भरलेला वर्ग आहे, मी तोंड उघडलंय आणि सगळे वळून माझ्याकडे बघतायत. नऊ दिवस ते पत्र सदऱ्यात घेऊन फिरलो. हो लिहवेना, नाही लिहवेना. मग त्याच्या पट्ट्या कापल्या. तुला वाटलं, तुझ्या पायाने माझी वाट अडवली. मी वाटू दिलं.”

दादांचा चेहरा राखेसारखा झाला होता. ते बोलले ते आवाज न चढवता.

“हिची आई माझ्यासाठी नऊ वर्षं थांबली होती. मी तिला सांगायचो, धाकट्याचं वाटोळं करून मी संसार कसा थाटू? तुला ठाऊक होतं?”

“ठाऊक होतं.”

“आम्हाला एकत्र जेमतेम एकोणीस वर्षं मिळाली.” एवढं बोलून दादांनी काठी घेतली आणि ते आपल्या खोलीत गेले. दार त्यांनी आपटलं नाही. आपटलं असतं तर काकांना बरं वाटलं असतं.

मुंगीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिने काकांकडे न बघता त्या पट्ट्या सारख्या केल्या.

“माझं तसं नाहीये, काका. मी तुझ्या डोळ्यांसाठीच थांबतेय.”

“असेल. मीही पहिल्या वर्षी खरंच थांबलो होतो. मला एवढंच सांग, माझे डोळे धडधाकट असते तर आज काय केलं असतंस?”

 ती नाक पुसून म्हणाली, “बाबांचा पाय होताच की. काहीतरी शोधलंच असतं.” आणि तोंडावर ओढणी धरून हसता हसता हुंदके देऊ लागली. “मला रोज पहाटे जाग येते. पोटात गोळा येतो. तिकडे माझं कुणी नाही, काका...”

“घाबरूनच जा,” काका म्हणाले. “न घाबरता जायची वाट बघू नकोस. मी बघितली.”

अर्ज त्या संध्याकाळी गेला नाही. दुसऱ्या दिवशी तारीख उलटली.

पण दादा बोलले नाहीत. सोमवारी सकाळी ते खोलीतून आले, सरळ खिडकीपाशी गेले आणि काकांच्या खुर्चीत बसले. काका दाराजवळच्या स्टुलावर बसले. मंगळवारीही तसंच. बुधवारीही. दोन्ही म्हातारे समोरासमोर चहा पीत आणि मुंगी मध्ये उभी राहून एकदा इकडे, एकदा तिकडे बघे. काकांना वाटे, हे योग्यच आहे. हे बेचाळीस वर्षांपूर्वीच व्हायला हवं होतं.

गुरुवारी काका शब्दकोश शिवायला बसले. सुईत दोरा जाईना. चार वेळा प्रयत्न झाला, पाचवा झाला... तेवढ्यात एक हात पुढे आला आणि त्याने सुई काढून घेतली. दादांनी दोरा जिभेवर ओला केला, ओवला, मेण लावलं आणि सुई परत दिली.

“त्या खिडकीत ऊन फार येतं,” ते म्हणाले. “डोळे दिपतात. घे तुझी जागा.”

“दादा...”

“माफ वगैरे मी केलेलं नाही. मुंगीच्या आईचं काय ते माझं मी बघेन. पण इतकी वर्षं मला वाटत होतं, माझ्या पायाखाली माझा भाऊ चिरडला गेला. तो चिरडला नव्हता, नुसताच भित्रा होता. त्यातल्या त्यात हे बरं.” ते थांबले.  “सांगायचंस की रे. मी काय म्हणालो असतो? घाबरतोस तर नको जाऊस, एवढंच ना...”

काकांनी सुई खाली ठेवली. त्यांनी दादांचा खडबडीत हात दोन्ही हातांत घेतला, कपाळाला लावला, आणि लहान मुलासारखे रडले. दादांनी हात सोडवून घेतला नाही.

“तुझ्या डोळ्यांत थेंब मी घालेन,” थोड्या वेळाने ते म्हणाले. “वेळा कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेव म्हणावं मुंगीला. आणि रडू नकोस, शिलाई भिजेल.”

पाठीला चिकटवायला कागद हवा होता. मुंगीने न पाठवलेला अर्ज पुढे केला. “हा लाव.” काकांनी मोजपट्टी धरली आणि तिने स्वतःच तो कापला.

तिला निरोप देऊन आले त्याच्या दुसऱ्या दिवशी काकांनी पत्र लिहिलं. अक्षरं जाड काढावी लागली, ओळी तिरक्या गेल्या. मुंगीने ईमेलचा पत्ता लिहून ठेवला होता, पण त्यांना ते पटेना. पत्राचं उत्तर पत्रानेच द्यायला हवं. त्या विभागात आता ते कुणाला ठाऊक असणार? न वाचताच फेकतीलही. तरी त्यांनी चार वेळा खाडाखोड करून शेवटी एवढंच ठेवलं: ‘आपल्या पत्राला उत्तर देण्यास फार विलंब झाला, क्षमा असावी. माझे बंधू त्याच वर्षी बरे झाले होते. मी येऊ शकलो असतो, पण आलो नाही. जागा दुसऱ्या विद्यार्थ्यास द्यावी.’

“बघू,” म्हणून दादांनी कागद घेतला, दोनदा अर्थ विचारला आणि घडी घालून परत दिला. मग काठी उचलली. “चल. तुला पेटी दिसायची नाही, कुठल्या तरी कचऱ्याच्या डब्यात टाकून येशील.”

दोघं हळूहळू रस्त्याच्या टोकापर्यंत गेले, एक चाचपडत, एक लंगडत. काकांनी पाकीट फटीत धरलं आणि क्षणभर तसंच धरून ठेवलं.

“सोड आता,” दादा म्हणाले.

काकांनी सोडलं. आत ते पडल्याचा बारीकसा आवाज झाला. तरी दादांनी वाकून, फटीत दोन बोटं घालून, ते कुठे अडकलं नाही ना, याची खात्री करून घेतली.