मेबल मरत नाही

सोयाबीनची पुडी ज्या कागदात बांधली होती, त्या कागदावर लाल शाईत शून्य होतं.

मी आधी पुडी पाहिली, मग ते शून्य आणि सगळ्यात शेवटी — पुडी आणणारा माणूस. क्रम मुद्दाम नोंदवते. कारण पुढे एवढा गोंधळ झाला, की नेमकं काय कधी सुरू झालं हे मला अजून सांगता येत नाही.

"चारशे दाणे आहेत, मॅडम. बराबर मोजून आणलेत."

"नाव, गाव?"

"निखिल. कुंभार पिंपळगाव. घरचं बियाणं आहे. पेरायच्या आधी उगवण बघून ये म्हणले वडील."

जालन्यात बियाणं तपासायच्या एका खासगी प्रयोगशाळेत मी काम करते. दाणे ओल्या कागदात गुंडाळायचे, पंचवीस अंशांच्या खोलीत उभे करायचे, पाचव्या दिवशी पहिली मोजणी, आठव्या दिवशी शेवटची. मे महिन्यात सगळं शहर भाजून निघत असताना त्या खोलीत ओल्या कागदाचा वास असतो आणि हातावर बारीक शहारा येतो.

दाणे ट्रेमध्ये ओतले आणि कागद सरळ केला. छापलेलं, लिहिलेलं काहीही वाचायची मला खोड आहे. एका जुन्या इंग्रजी कादंबरीवरचं उत्तर होतं, राणी व्हिक्टोरियाच्या काळातल्या. प्रश्न होता, नायिका मेबल हिचं स्वभावचित्र लिहा. शीतल नावाच्या मुलीनं मोडक्या इंग्रजीत लिहिलं होतं, त्याचा अर्थ असा: मेबल फार गुणी होती. तिचं प्रेम गावच्या मास्तरवर होतं. काकांनी तिचं लग्न श्रीमंत व्यापाऱ्याशी ठरवलं. शेवटी मेबलनं काकांना स्पष्ट नाही म्हटलं. काका दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी जेवले.

मी हसले. मोठ्यानं. कामाच्या जागी मी हसत नाही.

"हे तुम्ही तपासलंय?"

"हो. कॉलेजात इंग्रजी शिकवतो, तासिका तत्त्वावर. जुन्या पेपरांच्या आई पुड्या बांधते."

"शेवटी खरंच नाही म्हणते ती?"

तो माझ्याकडे बघत राहिला. एक, दोन, तीन सेकंद...

"हो," तो म्हणाला. "म्हणते की."

"मग शून्य का?"

"ते... अक्षर फार वाईट होतं."

अक्षर चांगलं होतं. हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

पण त्या आठवड्यात माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. पुण्याच्या वरदचं स्थळ आलं होतं. मुलगा चांगला, बोलणं चांगलं. नाही म्हणावं असं एकही कारण माझ्याकडे नव्हतं. हो म्हणावं असंही नव्हतं. रविवारी उत्तर कळवायचं होतं आणि घरात सगळे ते हो आहे असं धरून चालले होते, कारण मी गप्प होते. आमच्याकडे मुलगी गप्प असली की त्याला होकार समजतात. आमच्या मस्तगड भागातल्या दोन काकूंनी तर माझं अभिनंदनही करून टाकलं.

पाचव्या दिवशी, शनिवारी, तो पुन्हा आला.

"सर, निकाल मंगळवारी," आमच्या बेबीनंदाताईंनी दारातच अडवलं. प्रयोगशाळेत त्या माझ्याआधीपासून आहेत, आणि कोणालाही काहीही विचारतात. "आज काय उगवलं म्हणून आलात?"

"इकडून चाल्लो होतो, म्हणून."

"पिंपळगावचा माणूस इकडून कुठं चालला? पुढं तर नुसत्या कंपन्या हायेत!"

त्याचे कान लाल झाले. मी त्याला आत घेतलं, फक्त मदतीला. त्यानं कागदाची गुंडाळी धरली, मी मोड मोजायला लागले. अन् मोजता मोजता विचारत गेले.

"मास्तरला माहीत होतं का, तिला तो आवडतो ते?"

"अंदाज होता. पण त्याची नोकरी कायम नव्हती."

"इंग्लंडातही तासिका तत्त्व?"

तो हसला. गुंडाळीतलं पाणी ओघळून त्याच्या मनगटावर आलं. त्यानं ते पुसलं नाही... हात हलला असता ना.

"मग तो बोलतच नाही?"

"त्याला वाटतं, आपण बोललो तर तिचं नुकसान."

"मूर्ख आहे."

"बिलकुल," तो म्हणाला. मात्र हे म्हणताना तो मोडांकडे बघत होता की माझ्याकडे, ते मला कळलं नाही. शंभर दाण्यांची ती एक गुंडाळी मी दोनदा मोजली. एकदा एकाहत्तर आले, एकदा अडुसष्ट. असं माझ्या हातून कधी झालेलं नाही.

रविवारी मी नाही म्हटलं.

"कारण?" आईनं विचारलं.

"कारण नाही. हो म्हणायला तर कारण हवं ना?"

बाबा दुपारी जेवले नाहीत. मी घाबरले, तरी आतून शांत होते. दोन दिवस, मी मनात म्हटलं. फक्त दोन दिवस. प्रत्यक्षात सोमवारी सकाळीच ते पोळी मागून बसले. शीतलचा अंदाज एका दिवसानं चुकला.

इतकं सरळ घडल्यावर मेबलला मूळ पुस्तकात भेटावंसं वाटलं. कादंबरी इंटरनेटवर सापडली. निष्कर्ष आधी वाचायची माझी सवय, म्हणून शेवटचं प्रकरण उघडलं...

मेबल नाही म्हणत नाही. मास्तरला पत्र लिहिते, पाठवत नाही. व्यापाऱ्याशी लग्न करते आणि तिसऱ्या हिवाळ्यात तापानं जाते. पत्र उशीखाली सापडतं.

मी ते पान तीनदा वाचलं. म्हणजे मी आयुष्यातला सर्वात मोठा नकार एका खोट्या माहितीवर दिला होता? तो खोटं का बोलला? गंमत म्हणून? वरदचं तर त्याला काहीच माहीत नव्हतं... मग?

मंगळवारी तो आला तेव्हा मी पंचवीस अंशांच्या खोलीच्या दारातच उभी होते. तो उंबऱ्याच्या आत आला तसा अहवाल त्याच्या हातात दिला.

"चौऱ्याहत्तर टक्के. पेरा." आणि लगेच, "मेबल मरते."

त्यानं अहवालाची घडी घातली. उघडली. पुन्हा घातली.

"वाचलं तुम्ही?"

"तुम्ही खोटं सांगितलंत. का?"

"तुम्ही हसल्या ना त्या दिवशी," तो खाली बघून म्हणाला. वर्गातली भाषा गळून पडली होती. "मंग मला तिला मारता येईना."

मी वस्तुस्थिती सांगितली. "त्या भरवशावर मी एका स्थळाला नाही म्हटलंय."

तो पांढराफटक पडला. "माझ्यामुळं? मी घरी येतो तुमच्या. सांगतो, चूक माझी हाये. अजून काही बिघडलं न्हाई, त्यांना कळवता येईल—"

"काय, होकार?"

"तुम्हाला पाहिजे असंल तर..."

"आणि तुम्हाला काय पाहिजे?"

त्यानं अहवालाची आणखी एक घडी घातली. मग म्हणाला, "मार्चपासून पगार न्हाई मला. जुलैत पुन्हा घेतील का, ते बी माहीत न्हाई."

"हे मी विचारलं नव्हतं."

आणि तेव्हा, त्या गप्प उभ्या माणसाकडे बघताना, मला कळलं, आठ दिवस मी मेबलला चुकीच्या ठिकाणी शोधत होते.

"सर, मेबल तुम्ही आहात," मी म्हटलं. "मी आज सकाळी सगळं पुन्हा तपासलं. मेबल वगळली, शीतल वगळली. वरदच्या स्थळाचं उत्तर तेच आलं, नाही. मग तुम्हाला वगळून बघितलं..." माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "ते जमलं नाही."

त्यानं वर पाहिलं. ओठ हलले.

"अहो सर, काय ते बोलून टाका जल्दी!" पॅसेजमधून बेबीनंदाताई ओरडल्या. "दार उघडं राह्यलंय, सगळी गार हवा चालली!"

"मला तुम्ही आवडता," तो एका श्वासात म्हणाला.

"कधीपासून?"

"तुम्ही पुडी उघडून राह्यल्या होत्या... तवापासून."

म्हणजे माझ्याही आधीपासून. की नाही? मी शून्य बघत होते तेव्हा...? मला क्रम काही लावता येईना. तापमान सत्तावीसवर गेलं होतं, एवढं मात्र दिसलं, म्हणून मी घाईनं दार ओढून घेतलं.

लावल्यावर लक्षात आलं, आम्ही दोघंही आत होतो.