मालकीणबाई घरीच असतात

"माझ्या मुळावर कोण उठलंय तेवढं शोधा," खुर्चीत टेकण्याआधीच अशील म्हणाला.

घर त्याच्या आईच्या नावावर होतं. सजवलेल्या खोल्या तो पर्यटकांना दोन-चार रात्रींसाठी द्यायचा. शहराचा नियम मात्र कडक. मालक स्वतः त्या घरात राहत असेल, तरच परवाना. आणि आई तर वृद्धाश्रमात!

"मग तपासणी आली की?" घारीने विचारलं. या डिटेक्टिव्ह बाईंना सगळे घारी म्हणत. वहिनी म्हणे तो फक्त तिचा दीर, म्हणजेच तिचा मदतनीस.

"आदल्या दिवशी मला फोन येतो. सकाळी कुणाला न कळवता तडक आश्रम गाठतो. नशीब, आई बॅग भरून फाटकातच बसलेली असते! अधिकारी तिला घरात बघून जातात, मी तिला परत सोडतो. पण तक्रारी थांबतच नाहीत हो."

तपासणी अधिकाऱ्याने हात झटकले. "नाव सांगता येणार नाही. तारीख तक्रारदारालाही कळवतो, एवढंच. कधी म्हणे धूर झाला की वाजणारी घंटा बंद, कधी जिन्यात अंधार. जाऊन बघावं तर सगळं ठाकठीक!"

खालच्या मजल्यावरचे काका पर्यटकांच्या बॅगांच्या खडखडाटाने कावले होते.

"वहिनी, हाच तो!" दीर कुजबुजला.

"अहो, मी असतो तर घंटेचं कशाला सांगू?" काका कडाडले. "मालकीणबाई इथे राहतच नाहीत, हेच सांगितलं नसतं?"

सफाईवाली तर रडायलाच लागली. "घर बंद पडलं तर माझी चूल कशी पेटेल, ताई?"

पुढची तपासणी आटोपून अधिकारी जिना उतरले, तेव्हा घारीने दार लावून घेतलं. आई खिडकीपाशी बसली होती, अशील शेजारी उभा होता.

"वैरी असता तर काका म्हणाले तेच बोलून मोकळा झाला असता," घारी म्हणाली. "या माणसाला घर बंद पाडायचंच नव्हतं. त्याला हवी होती फक्त तपासणी."

"तपासणी कुणाला हवीशी वाटेल, वहिनी?"

"भावजी, तारीख दोघांनाच कळते. यांना आणि तक्रारदाराला. यांनी तर कुणालाच सांगितली नाही. मग बॅग भरून कोण बसलं होतं?"

अशील आईकडे वळला.

"आई... तू? अगं, परवाना गेला असता ना!"

"जाऊ कसा देईन, बाळा?" आई घाबरून म्हणाली. "परवाना गेला, की तू मला घरी आणायला कशाला येशील?"