करड्या अक्षरांतली ओळ

“घाबरून काहून राहिल्या? चावत नाई तो.”

अमरावतीच्या त्या लहानशा सॉफ्टवेअर ऑफिसात रागिणीचा पहिलाच दिवस, आणि समोर कमांड लिहायच्या टर्मिनलची काळी खिडकी उघडलेली. बोलणारा शेजारच्या खुर्चीतला श्रावण होता. पातूरच्या फुलमळेवाल्या घरातला मुलगा. अकोल्यात खोली करून राहायचा आणि रोज रेल्वेनं ये-जा करायचा.

त्यानं तिच्या मशीनवर टर्मिनल सजवणारं एक फ्रेमवर्क टाकून दिलं. “आता हे टर्मिनल तुमच्या मनासारखं वागीन. रंग कोनता देऊ?”

“जांभळा.”

“आमच्या मळ्यातल्या झेंडूत जांभळा नसते.”

“मंग मले झेंडू नको!”

श्रावण हसला आणि जांभळा रंग दिला. वर एक गंमतही जोडली. एखादं अक्षर दाबलं, की त्या अक्षरानं सुरू होणारी आधीची कमांड पुढे करड्या अक्षरांत उमटायची. उजवा बाण दाबला, की ती उजळायची. रागिणीला हे भारी आवडलं. शिकवणारा तर त्याहून जास्त आवडला, पण ते सांगायचं कसं...

दिवाळी झाली आणि श्रावणच्या वडिलांना, देवमनजींना, लकवा मारला. श्रावणनं राजीनामा दिला.

“बाबाचा उजवा हात उचलतच नाई,” चहाच्या टपरीवर तो खाली बघत म्हणाला. “मळ्यात फुलं तोडाले कोन आहे?”

रागिणी नुसतीच मान हलवत राहिली. बापाला सोडून इथंच राहा, असं कोणत्या तोंडानं म्हणायचं? जीव मात्र तुटत होता.

त्याच दुपारी तो जेवायला गेला असताना तिनं टर्मिनलमध्ये इंग्रजी अक्षरांत लिहिलं — श्रावण, नको जाऊ. एंटर दाबलं. अशी कमांडच नाही, असं टर्मिनलनं कोरडेपणानं सांगितलं. तिनं क्लिअर केलं, पडदा लख्ख झाला. पोरीला वाटलं, मिटलं.

शेवटच्या दिवशी श्रावण तिच्या खुर्चीत येऊन बसला. “माझे सारे शॉर्टकट तुमच्याकडं टाकून जातो. नंतर कोनाले विचारसान?”

सेटिंग लिहून झाली. ती लागू करायला ‘सोर्स’ टाइप करायचं होतं. त्यानं एस दाबलं...

करड्या अक्षरांत तिची ओळ उमटली.

“ते... चुकून,” रागिणीचे कान तापले. “मी पुसलं होतं.”

“क्लिअरनं फक्त पडदा साफ होते. आधीचं सारं आतमंदी राहतेच.” तो हलकेच हसत म्हणाला, “आन् एरवी तर मले तुमी-तुमी करता.”

तिनं मान खाली घातली. त्याचं हसू विरलं.

“जा लागनच, रागिणी.”

“मले समजते. म्हणून तं तोंडानं नाई म्हटलं.”

श्रावणनं उजवा बाण दाबला. ओळ उजळली. तिच्याकडे बघून तो एकेक अक्षर पुसू लागला. त्याला जावंच लागणार, हे रागिणीला कळत होतं, तरी इतक्या लवकर पुसायला नको होतं त्यानं.

रिकाम्या ओळीवर तो सावकाश टाइप करू लागला — रागिणी, रविवारी अकोला स्टेशनवर घ्याले येऊ? मायले भेटवतो.

एंटर. अशी कमांडच नाही, टर्मिनलनं पुन्हा ऐकवलं.

“त्याले नाई समजलं,” रागिणी डोळे पुसत म्हणाली. “मले समजलं.”

“मंग...?”

“बडनेरा स्टेशनवरून सकाळच्या गाडीनं येतो. पन फुलं तोडाले शिकवसान नं?”

श्रावणनं हसून मान डोलावली.